सम्राट पेंग्विन आणि शेकरू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक बर्फातला पक्षी, एक झाडावरची खार. यांची तुलना करायचीच कशाला?

कारण दोघांच्याही पायाखाली जमीन नसते. सम्राट पेंग्विनच्या बहुतेक वसाहती किनाऱ्याला चिकटून गोठलेल्या समुद्रबर्फावर असतात. असे कितीतरी सम्राट पेंग्विन आहेत, जे त्या बर्फावरच जन्मतात, पाण्यात वाढतात, पुन्हा बर्फावर येऊन पिल्लं काढतात आणि खऱ्या मातीवर किंवा खडकावर त्यांचं पाऊल कधी पडतच नाही. शेकरूचंही तसंच. झाडांच्या शेंड्यांमधून त्याची वाट जाते, एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाच्या फांदीला भिडते तिथून तो पुढे सरकतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो.

एकाची जमीन दर वर्षी गोठते आणि वितळते. दुसऱ्याची जमीन पानाफांद्यांची आहे. ती अखंड राहिली तर दोघंही सुखात असतात. तुटली, की दोघांचीही दैना होते. माझ्यासाठी तुलनेचं मूळ कारण हे आहे. वजन, उंची, रंग यांचे आकडे पुढे येतीलच.

नेमक्या कोणत्या प्रजातींबद्दल बोलतो आहोत?

पेंग्विनमधला सम्राट, म्हणजे एम्परर पेंग्विन. शास्त्रीय नाव ॲप्टेनोडायटीस फोर्स्टेरी. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेले निसर्गअभ्यासक योहान राइनहोल्ड फोर्स्टर यांच्यावरून हे नाव 1844 मध्ये दिलं गेलं. आज हयात असलेल्या सुमारे 18 पेंग्विन प्रजातींमध्ये हा सर्वांत मोठा.

खारींमधलं शेकरू, रातुफा इंडिका. हे फक्त भारतात आढळतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. सह्याद्री, सातपुडा, पूर्व घाट असा त्याचा पसारा आहे आणि महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी आहे. भीमाशंकरच्या परिसरातल्या शेकरूला 1831 मध्ये ब्रिटिश निसर्गअभ्यासक विल्यम सायक्स यांनी मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव जोडलं होतं. त्याला वेगळी उपप्रजाती मानायची की नाही, यावर अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही.

मुंबईत राणीच्या बागेत आहेत ते हेच पेंग्विन का?

नाही. ते हम्बोल्ट पेंग्विन. 2016 मध्ये सोलहून आणलेले. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. ते सम्राटापेक्षा खूप लहान असतात आणि बर्फाशी त्यांचा संबंध नाही. पेंग्विन म्हटलं की बर्फच, हा आपला समज चुकीचा आहे. बऱ्याच प्रजाती समशीतोष्ण किनाऱ्यांवर राहतात आणि एक तर थेट विषुववृत्तावर, गालापागोस बेटांवर राहते.

आकारात किती फरक आहे?

सम्राट पेंग्विन उभा राहिला की एक मीटर ते 1.2 मीटर. पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा म्हणा. वजन ऋतूप्रमाणे प्रचंड बदलतं, साधारण 22 पासून 45 किलोपर्यंत. शेकरू दीड ते दोन किलोचं. पण अंगणातल्या खारूताईशेजारी ठेवलं तर हेच शेकरू राक्षसी वाटेल. तिच्या पंधरा-वीस पट त्याचं वजन भरतं. शेपूट धरून लांबी सहज तीन फुटांच्या आसपास जाते आणि त्यात अर्ध्याहून जास्त वाटा शेपटीचाच.

दोघांचं नातं किती लांबचं?

फारच लांबचं. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा शेवटचा सामाईक पूर्वज सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. पेंग्विनचे सर्वांत जुने जीवाश्म न्यूझीलंडमध्ये सापडले आहेत, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे डायनासोर संपल्यावर थोड्याच काळात पेंग्विनचे पूर्वज उडणं सोडून पाण्यात उतरले होते. खारींचं कुळ त्यानंतर बऱ्याच काळाने आलं.

पेंग्विन उडत नाही आणि शेकरू उडतं, हे खरं का?

पहिला भाग खरा, दुसरा नाही. शेकरू उडी मारतं. एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत उडी जाते आणि त्या क्षणी पाय पसरलेले, शेपूट मागे ताणलेली, त्यामुळे खालून बघणाऱ्याला ते तरंगल्यासारखं वाटतं. अंगाला जोडलेली, पसरून तरंगता येईल अशी कातडी असते ती उडणाऱ्या खारीला. तिला पाखरू म्हणतात आणि ती रात्रीची बाहेर पडते. शेकरू पक्कं दिवसाचं.

पेंग्विनचं मात्र मला नेहमी वाटतं की तो उडतो, फक्त हवेऐवजी पाण्यात. पंखांची वल्ही झाली, हाडं पोकळ न राहता भरीव झाली, म्हणजे बुडी मारणं सोपं. पाण्यातून बर्फावर उसळी घ्यायची असते तेव्हा पिसांत साठवलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात तो सोडतो. त्या बुडबुड्यांमुळे पाण्याचा विरोध घटतो आणि सरळ पाण्याबाहेर येऊन तो पोटावर आपटतो. पुढे मग पोटावरूनच घसरत जायचं.

बुडीचे आकडे तर थक्क करणारे आहेत. 500 मीटरपेक्षा खोल बुडी नोंदली गेली आहे आणि एका पेंग्विनची बुडी 32 मिनिटांपेक्षा लांबली होती. रोजच्या बुड्या अर्थातच याहून खूप छोट्या, काही मिनिटांच्या असतात. खोल जाताना हृदयाचे ठोके अगदी मंद होतात आणि स्नायूंत साठवलेला ऑक्सिजन पुरवून पुरवून वापरला जातो.

इतक्या थंडीत पेंग्विन जगतो कसा? आणि शेकरूला थंडी चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे : नाही. शेकरूला बारा महिने फळं, फुलं, बिया, पानं, साल मिळत राहणारं जंगल लागतं. थंड देशांतल्या काही खारी हिवाळ्यासाठी बिया पुरून ठेवतात. शेकरूच्या जंगलात तसा हिवाळाच येत नाही.

पेंग्विनचं उत्तर मोठं आहे. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, काळोखात, उणे 40 अंशांखाली पारा गेलेला असताना अंडं उबवणारा हा एकमेव पक्षी. आधी शरीर बघा. कातडीखाली चरबीचा जाड थर. त्यावर बाहेरची पिसं आणि त्यांच्या बुडाशी मऊ कापसासारखा थर, जो हवा धरून ठेवतो. पायांत आणि वल्ह्यांत रक्तवाहिन्यांची रचना अशी की, बाहेर जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं, त्यामुळे उष्णता पायातून बर्फात वाहून जात नाही. श्वास सोडतानाही नाकपोकळीत बरीचशी ऊब परत घेतली जाते. फार थंडी असली की तो पंजे वर उचलतो आणि टाचा व ताठ शेपूट यांवर रेलून उभा राहतो. बर्फाला अंग जितकं कमी टेकेल तितकं बरं.

पण एवढंही एकट्याला पुरत नाही. त्यासाठी घोळका. एका चौरस मीटरमध्ये दहापर्यंत पेंग्विन खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आत ऊब इतकी साठते की तापमान 37 अंशांपर्यंत चढू शकतं, म्हणजे चक्क गरम होतं. बाहेरून बघितलं तर सगळे पुतळ्यासारखे स्थिर. प्रत्यक्षात दर अर्ध्या-एक मिनिटाला कुणीतरी पाच-दहा सेंटिमीटरचं पाऊल टाकतो, शेजारी टाकतो, त्याचा शेजारी टाकतो आणि ही हालचाल घोळक्यातून लाटेसारखी सरकत जाते. अशा सरकण्यातून घोळका हळूहळू फिरत राहतो आणि वाऱ्याच्या कडेला उभे असलेले कधीतरी आत येतात. हे सगळं पायावर अंडं सांभाळून करायचं.

घरटं कोण बांधतं?

एकाचं शून्य, दुसऱ्याची अनेक.

सम्राट पेंग्विन घरटं बांधतच नाही. बर्फावर बांधायला काडी नाही, खडा नाही. घर म्हणजे स्वतःचे पाय आणि पोटाखाली लोंबणारी कातडीची उबदार घडी. हे घर घेऊन चालताही येतं, म्हणूनच घोळका शक्य होतो. बाकीचे पेंग्विन आपापल्या घरट्याची जागा राखतात, शेजाऱ्याला चोच मारतात. सम्राटाला राखायला जागाच नाही, त्यामुळे तो अंगाला अंग लावून उभा राहू शकतो.

शेकरू उलट. एकेक शेकरू एकाच वेळी अनेक घरटी सांभाळतं, बऱ्याचदा सहा-आठ. काड्या आणि पानांचा मोठा गोळा, फुटबॉलपेक्षाही मोठा. आत मऊ पानं. एखाद्या घरट्यात पिल्लं, बाकीची झोपायला, आडोशाला, धोका आला तर पळून जायला. जागा निवडताना ते दोन गोष्टी बघतं असं दिसतं. एक, फांदी इतकी बारीक हवी की जड शिकारी तिथवर पोचू नये. दोन, आजूबाजूच्या झाडांच्या फांद्या जवळ हव्यात, म्हणजे निघायला चारही दिशांना वाट.

अंडं आणि पिल्लं यांची काळजी कोण घेतं?

पेंग्विनमध्ये अंडं बाप उबवतो आणि पिल्लू दोघं मिळून वाढवतात, शेकरूमध्ये सगळं आई. एवढ्यावर थांबता येईल, पण पेंग्विनच्या बापाबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं.

मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते, साधारण अर्ध्या किलोचं. ते घालून होईतो तिच्या अंगातला साठा संपत आलेला असतो, तिला समुद्राकडे जायलाच हवं. म्हणून अंडं बापाकडे द्यायचं. दोघं समोरासमोर उभे राहतात, पायाची बोटं जवळजवळ एकमेकांना टेकतात. मादी पोटाची घडी उचलते, अंडं बर्फावर येतं आणि नर चोचीने ते आपल्या पायांवर ओढून घेतो. हे काही क्षणांत व्हावं लागतं. अंडं बर्फावर थोडा वेळ जरी राहिलं तरी आतला जीव गोठतो. नवख्या जोड्यांच्या हातून असं घडतंही.

मग मादी निघून जाते. नर दोन महिन्यांहून जास्त काळ अंडं पायावर धरून उभा असतो. जोडीदार शोधायला वसाहतीत आला तेव्हापासून धरलं, तर त्याचा उपास सुमारे चार महिन्यांचा होतो. तहान लागली तर बर्फ खायचा. या काळात वजन चाळीस टक्क्यांपर्यंत घटतं. मादी परतण्याआधीच पिल्लू बाहेर आलं, तर एवढा उपाशी बापही आपल्या अन्ननलिकेतून दह्यासारखा घट्ट, पौष्टिक स्राव काढून त्याला भरवतो. काही दिवस पिल्लू त्यावर निभावतं.

हजारो पेंग्विनमधून परतलेली मादी नवऱ्याला ओळखते ती आवाजावरून. पक्ष्यांच्या स्वरयंत्राला दोन बाजू असतात आणि सम्राट पेंग्विन दोन्हींतून एकाच वेळी थोडे वेगळे स्वर काढतो. त्या दोन स्वरांच्या मिसळण्यातून प्रत्येकाची खूण तयार होते. ठरलेली जागा नसलेल्या पक्ष्याला एकमेकांचा पत्ता सापडतो तो असा.

शेकरूची मादी साधारण महिनाभर गाभण असते. एक ते तीन पिल्लं होतात, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. नराचा सहभाग नाही. आई एकटीच घरट्यात त्यांना दूध पाजते आणि वाढवते.

शेकरू खाताना विचित्र लटकतं, ते का?

हे मी भीमाशंकरच्या जंगलात जवळून पाहिलं आहे, म्हणून आवडीने सांगतो. सकाळची वेळ होती, उंबराचं झाड. आधी वरून फळाचे तुकडे टपटप पडायला लागले, मग मान वर केली तर शेकरू. साधी खार कशी, मागच्या पायांवर ताठ बसते, शेपूट पाठीवर घेते आणि दोन्ही हातांनी शेंगदाणा कुरतडते. शेकरू तसं बसलं नव्हतं. मागच्या पायांनी फांदी धरली होती, धड फांदीच्या एका बाजूला खाली झुकलेलं आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक शेपूट सरळ लोंबकळत होती. अगदी तराजूसारखं. फळ हातात फिरत होतं, दात चालत होते आणि वाऱ्याने फांदी हलली की शेपूट थोडी सरकायची, बाकी अंग जागच्या जागी.

त्याचं शेपूट म्हणजे नुसता झुपका नाही, ते वजन आहे हे मला तेव्हा कळलं. उडी मारतानाही तेच कामाला येतं. खाली येताना डोकं खाली करून उतरणंही जमतं, कारण खारींना मागचा पाऊल घोट्यातून उलटा फिरवता येतो आणि नखं सालीत अडकवता येतात.

पेंग्विनला गुडघे असतात का?

असतात. पायाचा वरचा भाग अंगाच्या आत, पिसांखाली झाकलेला असतो, त्यामुळे बाहेरून फक्त आखूड पाय दिसतात. तो जणू कायम थोडा वाकून बसलेला असतो.

दोघं काय खातात?

पेंग्विन मासे, कोळंबीसारखे छोटे क्रिल आणि माखली-म्हाकुळासारखे जीव खातो, सगळं समुद्रातलं. शेकरूच्या जेवणात जंगल आहे : उंबर, जांभूळ, आंबा, हिरडा, फुलं, कोवळी पानं, बिया, साल, अधूनमधून किडे आणि पक्ष्यांची अंडीसुद्धा. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कठीण बी फोडून ते झिजवणं हीसुद्धा गरजच आहे. पेंग्विनला दात नाहीत, पण जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात. निसटता मासा त्यांना अडकतो.

त्यांना कोणापासून धोका असतो?

मोठ्या पेंग्विनला पाण्यात बिबट्या सील आणि ओर्का देवमासा. पिल्लांना बर्फावर जायंट पेट्रेल आणि स्कुआ हे पक्षी. शेकरूला गरुड आणि खरा बिबट्या. शिकारी दिसला की शेकरू कर्कश, खटखटाट केल्यासारखा आवाज काढतं आणि मग सारं जंगल सावध होतं. जंगलात फिरणाऱ्या माणसाला शेकरू आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, ते याच आवाजामुळे.

माणसामुळे कोणाचं जास्त बिघडतं आहे?

बिघडतं दोघांचंही आणि बिघडण्याचं कारण पहिल्या उत्तरातच आलं आहे : पायाखालचं तुटणं.

पेंग्विनच्या पिल्लाला पाणी न शिरणारी पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, बर्फ टिकायला हवा. त्याआधी फुटला तर पिल्लं पाण्यात पडतात आणि मऊ लवेला पाणी लागलं की ती गारठून मरतात किंवा बुडतात. हे कल्पनेतलं नाही. 2016 मध्ये हॅली बे इथे वादळाने बर्फ वेळेआधी फुटला आणि हजारो पिल्लं गेली. नंतरच्या वर्षांतही तिथे बर्फ नीट जमला नाही, एकेकाळची प्रचंड वसाहत जवळपास रिकामी झाली. 2022 मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागात पाचपैकी चार वसाहतींमधलं त्या वर्षीचं एकही पिल्लू जगलं नसावं, असा निष्कर्ष उपग्रहचित्रांवरून निघाला. त्याच वर्षी अमेरिकेने या पक्ष्याला आपल्या कायद्यानुसार संकटग्रस्त यादीत घेतलं. त्या बर्फापासून सगळ्यात लांब राहणाऱ्यांनी जाळलेलं इंधन तिथे जाऊन पोचतं, ही गोष्ट मला फार टोचते.

शेकरूवर जागतिक पातळीवर अजून तितकं मोठं संकट मानलं जात नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते कमी चिंतेच्या गटात आहे, पण संख्या घटती. त्याचं दुखणं जवळचं आहे. जंगलातून रस्ता रुंद झाला, मधली चार झाडं गेली, की वरची वाट खंडित होते. मग ते जमिनीवर उतरतं आणि तिथे कुत्रा आहे, गाडी आहे. ज्या देवराया लोकांनी श्रद्धेपोटी पिढ्यान्‌पिढ्या तोडल्या नाहीत, तिथे जुनी, डेरेदार, एकमेकांना भिडलेली झाडं टिकली आणि शेकरूही टिकलं. भीमाशंकरला 1985 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली देवराई हे काम करत होती. सरसकट नवी झाडं लावून ही भरपाई होत नाही. फांदीला फांदी भिडायला कित्येक वर्षं लागतात.

अशा दुर्गम प्राण्यांची मोजदाद होते तरी कशी?

इथे दोघांत एक मजेदार साम्य आहे : मोजताना बऱ्याचदा प्राणी मोजत नाहीत, त्याने मागे ठेवलेली खूण मोजतात.

पेंग्विनची खूण म्हणजे विष्ठा. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या हजारो पक्ष्यांमुळे पांढऱ्या बर्फावर तपकिरी डाग पडतो आणि तो अवकाशातून दिसतो. 2009 च्या उपग्रहचित्रांवरून अशा 46 वसाहती मोजल्या गेल्या आणि सुमारे 5 लाख 95 हजार पक्ष्यांचा अंदाज 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट. पक्षी वाढले नव्हते, माणसाला कधी पोचता न आलेल्या वसाहती पहिल्यांदा दिसल्या होत्या. एक शतक आधी, 1911 च्या हिवाळ्यात, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघं ब्रिटिश मोहिमेतले साथीदार सम्राट पेंग्विनची अंडी आणायला काळोखात, जीव धोक्यात घालून अंटार्क्टिकातल्या केप क्रोझियरच्या वसाहतीला गेले होते. परत येताना त्यांच्याकडे फक्त तीन अंडी होती.

शेकरूची खूण म्हणजे घरटं. वनरक्षक आणि अभ्यासक ठरलेल्या पायवाटेने माना वर करून चालतात, घरटी मोजतात, दिसलेली शेकरं वेगळी लिहितात. पण पन्नास घरटी दिसली म्हणजे पन्नास शेकरं नव्हेत, कारण एकाचीच कितीतरी. म्हणून घरटं वापरातलं आहे की सोडलेलं, ते बघावं लागतं. पानं हिरवी असतील तर बांधणी ताजी. पानं वाळून गळालेली, काड्यांचा सांगाडा उरलेला आणि आरपार उजेड दिसत असेल, तर ते जुनं. तुम्ही गेलात तर पहाटे किंवा दुपार कलल्यावर जा, झाडाखाली नुकतीच कुरतडलेली फळं पडली आहेत का ते आधी बघा आणि मग मान वर करा. भर दुपारी शेकरू एखाद्या आडव्या फांदीवर चारही पाय सोडून पसरलेलं असतं, तेव्हा हालचाल शोधू नका, खाली लोंबणारी शेपूट शोधा.